बंबाची तोटी आणि फायरप्लेसचा चिमटा: जुन्या पितळेबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की माळ्यावरच्या पेट्या खाली येतात आणि हिरवं पडलेलं पितळ उजेडात येतं. यंदाच्या पत्रांत पन्हाळ्याच्या बंगल्यातलं विलायती फायरप्लेसचं सामान आहे, तसा कोल्हापूर शहरातल्या जुन्या घरांमधला पाणी तापवायचा बंबही आहे. दोन्हींची गाठ आगीशी, त्यामुळे दुखणीही बरीचशी सारखीच. म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न: पन्हाळ्यावर आमचा जुना बंगला आहे. दिवाणखान्यातल्या फायरप्लेसजवळच्या पेटीत पितळी मुठीच्या सळया, चिमटा, छोटं फावडं, एक लांब कोरीव पट्टी, दोन जड खांब आणि लांब दांड्याची झाकणवाली तबकडी निघाली. हे नेमकं काय आहे? पुन्हा वापरता येईल का?
— एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर: दोन खांब म्हणजे अँडआयर्न, यांनाच फायरडॉग म्हणतात. ते जोडीनेच असतात. समोर दिसणारा खांब पितळेचा, पण मागे जाणारा आडवा दांडा लोखंडाचा असतो आणि लाकडं त्या दांड्यावर ठेवतात. ओंडके जमिनीपासून उचललेले राहिले की खालून हवा खेळते आणि जाळ नीट धरतो. पितळ साधारण ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडून वाकतं, त्यामुळे जाळातलं काम त्याच्याकडे कधीच दिलेलं नसतं. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर बाकीचं सामान आपोआप ओळखू येतं: जे आगीत जातं ते लोखंड, जे हातात येतं किंवा नजरेत भरतं ते पितळ. टोकदार सळई म्हणजे पोकर, निखारे खालवर करायला. चिमटा आणि फावडं कशासाठी ते दिसतंच आहे. बहुधा एक कुंचाही असावा. त्याचे केस झडून गेले असतील आणि नुसती पितळी मूठ उरली असेल, तर ती भंगारात टाकू नका. मुठीत नवे केस बसवता येतात. नायलॉनचे मात्र नकोत, ते निखाऱ्याला वितळून चिकटतात. घोड्याचे किंवा डुकराचे केस घ्या.

लांब कोरीव पट्टी म्हणजे फेंडर. ती फायरप्लेससमोरच्या दगडी फरशीच्या बाहेरच्या कडेला बसते. घरंगळलेला निखारा लाकडी जमिनीवर किंवा जाजमावर जाऊ नये हे तिचं काम. बसवण्याआधी समोरच्या दगडी फरशीची रुंदी मोजा. फेंडर तिच्यावर पुरता टेकला पाहिजे. एक बाजू लाकडी जमिनीवर आली तर तिचा उपयोग उरत नाही, फक्त शोभा राहते. उडणाऱ्या ठिणग्या फेंडर अडवत नाही. त्यासाठी बारीक जाळीचा उभा पडदा वेगळा लागतो, आणि घरात लहान मुलं असतील तर त्याला पर्याय नाही.

झाकणवाली तबकडी म्हणजे वॉर्मिंग पॅन. थंड मुलखात तीत निखारे भरून ती अंथरुणावरून फिरवत आणि मग झोपत. ही भिंतीवर टांगा, एवढंच. बिजागरी सैल झालेल्या जुन्या पॅनमध्ये निखारे भरणं म्हणजे गादी पेटवायला निमंत्रण.

कोळशाची बादली, म्हणजे स्कटल, सापडली नाही असं दिसतं. ते साहजिक आहे: अँडआयर्न लाकडासाठी असतात, दगडी कोळशाला लोखंडी जाळीची टोपली लागते. तुमच्या बंगल्यात लाकूडच जाळत असावेत.

आता वापराचं. सामानाआधी धुराडं तपासा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या धुराड्यात मधमाश्यांचं पोळं, पाखरांची घरटी, पडलेल्या विटा यातलं काहीही असू शकतं. धुराड्यात आडवी झडप असेल तर ती उघडते का बघा. मग वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवून धूर कुठे जातो ते पाहा. धूर खोलीत परतला तर लाकूड पेटवूच नका; गवंड्याकडून धुराडं साफ करून आतल्या भेगा बुजवून घ्या. पहिल्यांदा पेटवताना जाळ लहान ठेवा, दगड-विटांतली ओल हळूहळू निघू द्या. अँडआयर्नमधलं अंतर असं ठेवा की ओंडका दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर बाहेर येईल. खाली दोन-तीन सेंटिमीटर राख राहू द्या, तिच्यामुळे निखारा धरून राहतो. काढलेली राख पितळी बादलीत किंवा प्लास्टिकच्या टोपलीत टाकू नका. राखेच्या पोटातला निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. झाकणाची लोखंडी बादलीच हवी.

प्रश्न: पोकरची पितळी मूठ गरागरा फिरते. एका मेकॅनिकने आत सहा मिलिमीटरचा बोल्ट घालून देतो म्हटलं. घालू का?
— शाहूपुरी

उत्तर: नको. जुन्या विलायती सामानाचे आटे बऱ्याचदा व्हिटवर्थ या जुन्या इंची मापाचे असतात. पाव इंची व्हिटवर्थला इंचात २० आटे, तर सहा मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टला एक मिलिमीटरला एक, म्हणजे इंचात पंचवीसच्या वर. मेट्रिक बोल्ट दोन फेरे जाईल, मग अडेल, आणि जोर लावला की पितळेचे मऊ आटे कातरले जातील. उद्यमनगरातल्या जुन्या लेथवाल्यांकडे व्हिटवर्थचे टॅप-डाय, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, अजून असतात. मूठ आणि सळई दोन्ही घेऊन जा आणि आधी आटे गेजने मोजायला सांगा. काही मुठींना आटे नसतातच. सळईचं टोक मुठीतून आरपार काढून ठोकून पसरवलेलं असतं. तिथे टोक पुन्हा हलक्या हाताने ठोकलं की मूठ घट्ट होते. एपॉक्सी किंवा तत्सम गोंद भरू नका. उष्णतेने तो मऊ पडतो, आणि पुढच्या कारागिराला तो खरवडून काढण्यातच दिवस घालवावा लागतो.

प्रश्न: जुन्या वस्तूंच्या दुकानात फायरप्लेसचा सेट ‘शंभर वर्षांपूर्वीचा’ म्हणून दाखवला. खरा कसा ओळखायचा?
— राजारामपुरी

उत्तर: खिशात चुंबक ठेवा. पितळेला चुंबक चिकटत नाही. मुठीला किंवा फेंडरला चिकटला तर लोखंडावर पितळेचा मुलामा आहे. पोकळ मुठीत लोखंडी सळई असेल तर हलकी ओढ जाणवते, तिच्यावरून लगेच निकाल देऊ नका. बुडाशी, न दिसणाऱ्या जागी, सुईने बारीक रेघ ओढा. आत पिवळं निघालं तर पितळ, करडं-पांढरं निघालं तर जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम.

यावरून धातू कळला, वय नाही. वय झिजेत असतं. खऱ्या वापरातल्या पोकरचं टोक जळून बारीक झालेलं असतं, चिमट्याचे पंजे झिजलेले असतात, फेंडरच्या बुडाला फरशीचे ओरखडे असतात. मूठ हात पडतो तिथे गुळगुळीत आणि खोबणीत काळपट असते. नव्या मालाला रसायनाने तपकिरी रंग देतात तेव्हा तो सगळीकडे सारखाच बसतो, हात लागतो तिथेही आणि लागत नाही तिथेही. मुरादाबादेत जुन्या घाटाचं नवं पितळकाम भरपूर होतं. ते वाईट नसतं, पण किंमत नव्याची द्या.

इंग्लंडमधल्या वस्तूवर चौकट तिरकी उभी केल्यासारखा शिक्का असेल आणि वरच्या टोकाला वर्तुळात रोमन एक असेल, तर तो धातूच्या वस्तूंसाठीचा नोंदणी-शिक्का आहे. असे शिक्के १८४२ ते १८८३ या काळात वापरले गेले. १८८४ पासून त्याऐवजी ‘आर डी’ ही अक्षरं आणि पुढे क्रमांक येऊ लागला. मात्र हे नक्षीच्या नोंदणीचं साल आहे. वस्तू त्यानंतर कित्येक वर्षं ओतली जात राहिलेली असू शकते.

प्रश्न: दिवाळीच्या साफसफाईत आजीची पितळी शेगडी आणि धुपाटणं चिंच-मीठ लावून रात्रभर ठेवलं. सकाळी रंग गुलाबी! घासलं तरी जात नाही. पितळ खोटं होतं का?
— मंगळवार पेठ

उत्तर: पितळ अस्सलच आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात, त्यात मीठ असेल तर जास्तच, वरच्या थरातलं जस्त आधी विरघळतं आणि तांबं मागे राहतं. तोच तुम्हाला दिसलेला गुलाबी रंग. थर अगदी पातळ असतो. मऊ कापडावर मेटल पॉलिश घेऊन एकाच दिशेने घासत राहिलात तर पिवळं पितळ वर येईल. घाई करून काथ्या, तारेची घासणी किंवा रांगोळी वापरू नका. रांगोळीत दगडाची कच असते आणि तिचे ओरखडे कायमचे राहतात. तारेच्या घासणीचे कण पितळेत रुततात आणि पावसाळ्यात गंजतात.

रोजच्या वापरातल्या भांड्याला चिंच लावायला हरकत नाही, फक्त वेळ सांभाळा. दोन-तीन मिनिटं, जास्त नाही. लगेच भरपूर पाण्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात बुडवून काढा, म्हणजे खोबणीतला आंबटपणा मरेल. पुन्हा साधं पाणी, कोरडं फडकं, आणि अर्धा तास ऊन. मीठ टाळलंत तर उत्तम. नक्षीच्या खाचेत राहिलेलं मीठ ओल धरतं आणि आषाढात नेमकं तिथेच फिकट हिरव्या पुडीचे ठिपके उठतात. पुष्कळांना वाटतं की पितळ हवेनेच हिरवं पडतं. बऱ्याच वेळा कारण आपल्याच शेवटच्या धुण्यात असतं.

जुन्या, जपून ठेवायच्या वस्तूला आंबट नकोच. आधी कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड आणि मऊ टूथब्रश. वाळल्यावर खडूची वस्त्रगाळ पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ लेप करा आणि सुती चिंधीने गोलाकार घासा. त्याआधी एका कोपऱ्यात कापसाने स्पिरिट लावून पाहा. चिकट झालं तर वर लाखेचं जुनं वॉर्निश आहे. ते सगळीकडे धड असेल तर तसंच राहू द्या. जागोजागी उडून खाली तपकिरी डाग पडले असतील तर मात्र स्पिरिटने पूर्ण काढा. अर्धवट वॉर्निशवर पॉलिश कधीच सारखं बसत नाही. स्पिरिटने न हलणारं वॉर्निश थिनरने निघतं. दोन्ही कामं खिडक्या उघड्या ठेवून, चूल-दिव्यापासून लांब करा. शेवटी मेणाचा हात द्या: एक भाग मधमाशीचं मेण, तीन भाग टर्पेंटाइन. गॅस बंद केल्यावर, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून मेण विरघळवायचं. पेटत्या शेगडीवर टर्पेंटाइन नेऊ नका. जाळाजवळ राहणाऱ्या पितळेला मेण लावू नका. ते पाघळतं आणि धूळ धरून काळं पडतं.

खोबणीतला काळपटपणा उकरून काढायचा मोह आवरा. उठाव त्याच्यामुळेच दिसतो. वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या सुमाराला, पॉलिश पुरेसं आहे. एरवी कोरडं फडकं. दर सणाला पॉलिश केलेल्या धुपाटण्याची नक्षी एका पिढीत बुजते.

प्रश्न: मग बफिंग करून घेतलं तर?
— मंगळवार पेठेतल्याच दुसऱ्या वाचक

उत्तर: नवीन भांड्याला चालेल. कोरीव जुन्या वस्तूला नको. बफिंगचं फिरतं चाक कडा गोल करतं आणि ती झीज भरून येत नाही.

प्रश्न: फायरप्लेसच्या सामानात पितळी नळीचा भाता आहे. दाबला तर हवाच येत नाही.
— ताराबाई पार्क (वरचेच वाचक)

उत्तर: तीन जागा बघा. मागच्या फळीला भोक असतं आणि त्यावर आतून चामड्याची पट्टी, हीच झडप. उघडताना ती उचलली जाऊन हवा आत घेते, दाबताना भोक बंद करते. पट्टी कडक होऊन वाकली असेल तर हवा भोकातूनच परत जाते. दाबताना भोकावर तळहात धरा. हाताला वारा लागला तर दोष तिथे आहे. दुसरी जागा बाजूचं चामडं: भाता उघडून अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च धरा, भेगा उजेडाने दिसतील. तिसरी, नळी लाकडात बसते तो सांधा.

चामडं बदलायचं तर कोल्हापुरी चपला करणाऱ्या कारागिराला विचारा, पण तळव्याचं जाड म्हशीचं चामडं घेऊ नका, ते घडी घेत नाही. एक ते सव्वा मिलिमीटरचं मऊ बकऱ्याचं किंवा मेंढीचं चामडं हवं. पितळी चुका उपसून जुनं चामडं सलग काढा, तेच नवीन कापायचा नमुना. झडप आधी बदला, नंतर आत हात जाणार नाही. नवीन चामडं ओलसर करून भाता पूर्ण उघडलेला ठेवा, नळीच्या बाजूने सुरुवात करून मुठींकडे चुका मारत या. वाळल्यावर एरंडेलाचा अगदी हलका हात. तेल जास्त झालं तर पितळी चुकांभोवती हिरवं मेणचट काहीतरी जमतं. ते तेलाचं आणि तांब्याचं मिळून झालेलं असतं. लाकडी काडीने खरवडून टाका.

प्रश्न: घरचा तांब्याचा बंब थेंब-थेंब गळतो. नातवंडांना दिवाळीत त्याच्या पाण्याने अभ्यंगस्नान घालायचं आहे. एम-सील लावू का?
— कसबा बावडा

उत्तर: एम-सील आगीजवळ टिकत नाही, आणि एकदा लावलं की त्या जागी झाळ बसत नाही, कारण झाळायला धातू लख्ख लागतो. आधी गळती कुठे आहे ते शोधा. बंब भरा, बाहेरून पुसून कोरडा करा आणि सांध्यांवर खडूची पूड फासा. अर्ध्या तासात जिथे पूड काळवंडेल तिथे गळती.

तोटीच्या बुडाशी असेल तर सोपं आहे. तोटी सोडवा, जुना वॉशर काढून फायबरचा घाला. आट्यांवर टेफ्लॉन टेप चार-पाच फेरे गुंडाळा. बुडाच्या सांध्यात असेल तर झाळून घ्यावं लागेल. मधल्या नळकांड्यातून पाणी जाळीवर ठिबकत असेल तर नीट ऐका: तिथे साधी कथील-शिशाची झाळ चालणार नाही. ती १८० ते २३० अंशांच्या आसपासच मऊ होते आणि नळकांड्यात थेट जाळ असतो. तिथे पितळी झाळच हवी, आणि पत्रा बोटाने दाबल्यावर दबत असेल तर नळकांडंच नवीन. नळकांडं खालूनच खराब होतं, याचं कारण राख. बंब विझल्यावर राख आत राहिली, तिला पाणी लागलं, की तो क्षार तांबं खातो. काम झालं की राख काढायची, ही सवय बंबाचं आयुष्य दुप्पट करते असं आमचं ठाम मत आहे.

पेटवताना एकच नियम मोडू नका: पाणी आधी, जाळ नंतर. तोटी वर असलेल्या बंबात गार पाणी ओतावं तेव्हाच गरम पाणी बाहेर येतं, त्यामुळे तो सहसा रिकामा होत नाही. तोटी खाली असेल तर मात्र पाणी काढता काढता पातळी उतरते आणि आत जाळ चालूच असतो; वरचा सांधा कोरडा तापला की झाळ वितळते. अशा बंबातून बादली काढली की लगेच बादली ओता. पाणी ओतायचं तोंड कधीही घट्ट बुजवू नका, वाफेला वाट हवी. जळणाला नारळाच्या करवंट्या आणि वाळलेली चिपाडं उत्तम. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, प्लास्टिक नको.

बोअरचं पाणी वापरत असाल तर आत पांढरा थर साचतो, पाणी तापायला वेळ लागतो. कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून तासभर ठेवा, मऊ कुंच्याने घासा, दोनदा खळबळून टाका.

प्रश्न: पितळी घंगाळात झाडं लावली होती. ते गोठ्यालगतच्या पडवीत होतं. आता कडेला उभी चीर गेली आहे. कोणी आपटलेलं नाही.
— करवीर तालुका

उत्तर: आपटायची गरजच नाही. ठोकून घडवलेल्या पितळेत ताण साठून राहतो. अशा पितळेला दमट हवेत अमोनिया लागला की ते आपोआप चिरतं. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकत. ती घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवलेली असत, आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्यामागचं कारण असल्याचं १९२१ साली दाखवून देण्यात आलं. तुमच्याकडे गोठा होता आणि कुंडीत बहुधा युरियाही, म्हणजे दोन्हीकडून अमोनिया.

चीर वाढू नये म्हणून तिच्या टोकाला दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, मग तांबटाकडून आतून पितळी पट्टी झाळून घ्या. घंगाळ गोठ्यापासून लांब हलवा. झाड ठेवायचंच तर आत प्लास्टिकची कुंडी ठेवा, खाली खडी घाला आणि पितळेला माती लागू देऊ नका.

प्रश्न: फेंडरचा एक पाय हरवला आहे. दुसऱ्यावरून ओतून घेता येईल?
— नागाळा पार्क

उत्तर: येईल, कोल्हापुरात ओतकामाला तोटा नाही. फक्त आहे तोच पाय साच्याला नमुना म्हणून दिलात तर नवीन पाय बारका निघेल, कारण पितळ थिजताना साधारण दीड टक्का आकसतं. दहा सेंटिमीटरच्या पायात तो दीड मिलिमीटरचा फरक पडतो आणि फेंडर डुगडुगतो. नमुन्याला बुडाशी मेणाचा थर देऊन उंची तेवढी वाढवून घ्या, किंवा ओतल्यावर खाली पितळी चकती घाला. मिश्रण जुन्याच्या रंगाशी जुळवायला ओतणाऱ्याला मूळ पाय दाखवा. जस्त जास्त असेल तर पितळ फिकट पिवळं, कमी असेल तर तांबूस.

प्रश्न: बाळंतिणीच्या खोलीत पितळी शेगडीत निखारे ठेवतो. धूर अजिबात नसतो, तरी डोकं जड होतं.
— उत्तरेश्वर पेठ

उत्तर: शेगडी आजच बाहेर काढा. लाल निखाऱ्यांना धूर नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळणं, झोप येणं ही त्याचीच लक्षणं, आणि तान्ह्या बाळाला तो मोठ्यांपेक्षा लवकर बाधतो. आई किंवा बाळ सुस्त वाटत असेल, उलट्या होत असतील तर दोघांना मोकळ्या हवेत आणून लगेच डॉक्टरांकडे न्या आणि खोलीत निखारे होते हे सांगा. शेक द्यायचा असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून वापरा. धुरी द्यायचीच असेल तर ती अंगणात, उघड्यावर.